टोबिन क्रीचची पट्टी

वेंडेल प्रुइटने खिशातून नावाची पट्टी काढली आणि खेळाडूंच्या फळ्यावर सगळ्यात खाली चिकटवली. टोबिन क्रीच, गार्ड, लॉरेल कॉलेज.

खोलीतल्या माना तिकडे वळल्या.

"ही आपण मार्चमध्ये उतरवली होती," डोनाटेली म्हणाला. टोलेडो क्लबात खेळाडू निवडायचा शेवटचा शब्द त्याचा.

"म्हणूनच परत लावली."

शनिवारची दुपार होती. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलपटूंची निवड तीन दिवस चालली होती आणि आता संपत आली होती. टोलेडोच्या वाट्याला एकच नाव उरलं होतं, शेवटच्या फेरीतलं. ते नेब्रास्काच्या एका किकरचं, म्हणजे लाथेने चेंडू गोलात उडवणाऱ्याचं, असं डोनाटेलीने कधीच ठरवून टाकलं होतं. गेल्या हंगामात चांगला किकर नव्हता म्हणून तीन सामने हातचे गेले होते, आणि मालक अजून त्यावरून टोमणे मारायचे.

"वेंडेल, आकडे वाचू का?" कॅरन ओकाफोरने विचारलं. क्लबातल्या सगळ्या आकड्यांचा हिशोब तिच्याकडे. "चाळीस यार्ड धावायला पाच पूर्णांक तीन सेकंद. घड्याळ तूच धरलं होतंस. खालचा शेराही तुझाच. पाय जड, आपल्या कामाचा नाही."

"घड्याळ बरोबर होतं. शेरा चुकला."

"कितीसा?"

"फार."

कॅरनने त्याच्याकडे पाहिलं आणि कागद पालथा घातला.

एकतीस वर्षं वेंडेल गावोगाव फिरून पोरं पारखत होता. बाजारात बैल बघावा तसं बघायचं, दोन ओळी लिहायच्या, पुढचं गाव गाठायचं. फेब्रुवारीत लॉरेलच्या मैदानावर क्रीच त्याच्या गाडीपर्यंत चालत आला होता. "सर, नेमकं काय कमी पडतंय माझं?" वेंडेलला पुढच्या गावाची वेळ गाठायची होती. "पाचाच्या आत ये," तो म्हणाला होता, "नाहीतर निवडीच्या दिवशी टीव्हीपुढे बसायचे कष्ट घेऊ नकोस." आणि काच वर केली होती.

पोराने ते मनाला लावून घेतलं. रोज पहाटे वाळू भरलेलं जॅकेट घालून तो खाणीकडचा चढ धावत चढायला लागला. तीन आठवड्यांनी डॉक्टरांचा कागद आला. हृदयात जन्मापासूनच दोष होता, कुणी कधी नीट तपासलंच नव्हतं. एका दिवसात सगळ्या क्लबांनी त्याची पट्टी उतरवली.

वेंडेल तसाच गाडी काढून केंटकीत, डोंगरातल्या पाइन फोर्कला गेला. टोबिनच्या आईने, व्हर्ना क्रीचने, त्याला स्वयंपाकघरात बसवलं. शेजारणींनी आणलेल्या कॉर्नब्रेडने आणि बीन्सच्या पातेल्यांनी टेबल भरून गेलं होतं. तिने त्याला ताट वाढून दिलं. तो चमच्याने बीन्स इकडून तिकडे करत राहिला.

"पाचाच्या आत यायला तुम्हीच सांगितलंत ना?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"हो. मीच."

"सहा वर्षांचा असल्यापासून एकच ध्यास. त्या दिवशी टीव्हीवर आपलं नाव पुकारायचं. मिस्टर प्रुइट, दुसरं काही मागत नाही मी तुमच्याकडे. एवढं करा."

हातात कसलाही अधिकार नसताना वेंडेलने शब्द देऊन टाकला होता.

"हा मुलगा आपल्यासाठी एक दिवसही खेळणार नाही," डोनाटेली आता म्हणाला. "तुला माहितीये, मलाही माहितीये."

"माहितीये."

"मालक मला सोलून काढतील."

"खापर माझ्यावर फोड. म्हणावं, म्हाताऱ्याला चळ लागला."

"नियमात तरी बसतं का हे?"

"लीगच्या ऑफिसला विचारलंय. जानेवारीत नोंदवलेलं नाव आज संध्याकाळपर्यंत यादीत राहतं. तिथली बाई म्हणाली, काढून टाकायचा फॉर्मच नाही आमच्याकडे."

"वा. शब्द तुझा आणि निवड माझी. बरं जमवलंयस."

"अरे, एकतीस वर्षांत कुणासाठी अडून बसलो का कधी?" वेंडेलचा आवाज चिरकला. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि ती झाकायची ताकद उरली नव्हती. "तुझा किकर शेवटच्या फेरीतही कुणी घेत नाहीये. निवड संपली की त्याला फोन कर, धावत येईल. याला मागून बोलावून भागायचं नाही."

भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं उरली होती. डोनाटेली फळ्यासमोर उभा राहून ती पट्टी बघत राहिला. त्याचीही दोन पोरं कॉलेजात होती.

"किकर गेला खड्ड्यात," तो शेवटी म्हणाला. "कॅरन, क्रीचचं नाव कळव."

नाव जाहीर व्हायच्या आधी क्लबाने घरी फोन करून अभिनंदन करायचं, हा रिवाज. ते काम डोनाटेलीचं. पण वेंडेलने फोन त्याच्या हातातून घेतला आणि पाठ झालेला नंबर फिरवला.

"मिसेस क्रीच, टीव्ही लावलाय का?"

"सकाळपासून. अर्धं गाव आमच्याकडेच बसलंय."

"आवाज मोठा करा."

पलीकडे खुर्च्या सरकल्या. कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं. मग निवेदकाचा आवाज आला. टोलेडोची निवड, टोबिन क्रीच, गार्ड, लॉरेल कॉलेज. टाळी एकही वाजली नाही. एक बाई हुंदके द्यायला लागली. वेंडेलच्याही डोळ्यांना धार लागली, आणि सगळ्यांदेखत त्याने ती वाहू दिली.

व्हर्नाने कुणाला तरी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं. वेंडेल फोन कानाला लावून उभा राहिला.

"मिस्टर प्रुइट," ती म्हणाली, "तुमच्या क्लबाचं पूर्ण नाव सांगता? लिहून घेते. थडग्याच्या दगडावर त्याच्या नावाखाली एक ओळ कोरायची ठेवलीय मी."