उकळी येण्याआधी

पाहुणे जिना चढू लागले तेव्हा देल्फिनने पातेल्यात नुकतंच व्हिनेगर ओतलं होतं. त्याने गॅस बारीक केला, डुकराच्या रक्ताचं भांडं झाकून हाताशी ठेवलं आणि फडक्याला हात पुसत तो दाराकडे निघाला.

"बाबा, आज जेवणावरून भांडायचं नाही," मारिवेलने त्याची बाही धरली. "माझी शपथ."

"मी कधी भांडतो?"

गेली तीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात देल्फिनने रांधलं होतं आणि प्रत्येक लग्नात तो कुणाशी ना कुणाशी भांडला होता. आज पाहुणे त्याच्याच मुलीला मागणी घालायला आले होते. आई नसलेली एकुलती एक पोर. आज 'हो' म्हटलं की ती जाणार, तीही फिलिपिन्सच्या पार उत्तरेला, इलोकोसला. 'हो' म्हणायचं त्याने कबूल केलं होतं, पण सकाळपासून तो शब्द काही जिभेवर येत नव्हता.

मुलाची आई युफेमिया पुढे, तिचा भाऊ सेवेरो मागे, आणि त्यांच्यामागे घामाघूम झालेला नवरा मुलगा रोदेल, हातात भलामोठा डबा घेऊन. रीतीप्रमाणे मुलाकडचे जेवण घेऊन आले होते.

"घरून करून आणलंय. दिनुगुआन," युफेमियाने मोठ्या तोऱ्यात झाकण काढलं.

देल्फिनने डोकावून पाहिलं. आत गॅसवर त्याचंही तेच शिजत होतं. काळीकुळकुळीत रक्ती, कोरडी ठणठणीत, वर तळलेल्या चरबीचे कुरकुरीत तुकडे.

"रस्सा वाटेत सांडला वाटतं?"

मारिवेलने डोळे मिटले.

"आमच्याकडे दिनुगुआन खातात," युफेमिया गोड हसली. "पितात ते तुमच्याकडे."

"अहो, आंबटसर रस्सा हवा, त्यात तांदळाचा वाफवलेला पुतो बुडवून खायचा! कोरडं म्हणजे करपलेलं!"

"आणि पातळ म्हणजे पाहुणे वाढले म्हणून पाणी ओतलेलं!"

"माझी बायको बिकोलची आहे," सेवेरोमामा मध्ये पडले. "ती नारळाचं दूध घालते. तुम्ही दोघंही घाला, वादच मिटेल."

दोघांनी मामांकडे असं पाहिलं की मामा खुर्चीत खाली सरकले. त्या दोघांचं एकमत झालं ते हे पहिलं.

रोदेलला वाटलं, आपणच आता काहीतरी करायला हवं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! डबा ठेवायच्या निमित्ताने तो स्वयंपाकघरात शिरला. आठ वर्षं जहाजावर नोकरी केलेल्या त्या पोराला स्वयंपाकातलं एकच आठवत होतं: आई हे करताना सतत ढवळत असते, नाहीतर रक्ताच्या गुठळ्या होतात. मासे तळायचा झारा बाजूला सारून त्याने मोठा डाव उचलला. रक्त अजून पातेल्यात पडलंच नव्हतं, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही.

"ढवळू नकोस!"

दारातून दोन आवाज एकदमच आले, एक देल्फिनचा आणि एक युफेमियाचा. पण डाव तोवर चार वेळा फिरला होता.

व्हिनेगरला उकळी येईपर्यंत त्यात चमचा घालायचा नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घातला, की कच्चा आंबटपणा राहतो तो राहतोच. देल्फिनने तोंड उघडलं. रोदेलच्या मागे त्याला मारिवेलचा चेहरा दिसला. त्याने तोंड मिटलं, पोराच्या हातातून डाव काढून घेतला, उकळी येऊ दिली आणि मुकाट्याने रक्ताची धार धरून ढवळत राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याचं दिनुगुआन बिघडलं होतं, आणि तेही आज.

टेबलावर पहिला घास युफेमियाने घेतला. तिचा एक डोळा आपोआप मिटला आणि खांदे कानांपर्यंत गेले. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"छान झालंय," आवाज परत आल्यावर ती म्हणाली.

मग तिने वाडगा काठोकाठ भरून घेतला, तो तोंडाला लावला आणि त्या आंबटढाण रश्श्याचा शेवटचा थेंबही पिऊन टाकला. पुन्हा वाडगा पुढे केला. "वाढा की. आम्ही लांबून आलोय."

देल्फिन बघतच राहिला. पोराची चूक ही बाई वाडगे भरभरून गिळत होती आणि वर हसत होती. जिथे चूक अशी पोटात घालतात, त्या घरात आपल्या मारिवेलला काय कमी पडणार? त्याने युफेमियाचा डबा ओढला, ताटात भाताचा डोंगर केला आणि त्यावर ती कोरडी रक्ती वाढून घेतली. दाताखाली चरबी कुरकुर वाजली. चव झकास होती. लेकाचं, फारच झकास!

"वाईट नाहीये," तो म्हणाला. बाबांच्या तोंडून दुसऱ्याच्या स्वयंपाकाचं एवढं कौतुक मारिवेलने कधी ऐकलं नव्हतं.

सेवेरोमामा घसा खाकरून उठले. मागणीचं भाषण त्यांनी आठवडाभर पाठ केलं होतं. "देल्फिनराव, आज आम्ही आपल्या दारी..."

"बसा हो मामा, जेवा," देल्फिन म्हणाला. "डिसेंबर चालेल का?"

रोदेलच्या हातून पुतो निसटून थेट रश्श्यात पडला. मारिवेलने बापाच्या गळ्यात हात टाकले आणि त्याच्या घामेजल्या कपाळाचा मुका घेतला.

"न चालायला काय झालं?" युफेमियाने रुमालाने नव्हे, चक्क हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. "तोवर या गाढवाला ढवळायला शिकवते."

"नको, विहीणबाई," देल्फिन म्हणाला. "न ढवळायला शिकवा."