सोमवारचं मौन

सुमतीबाई फुलवाती वळत होत्या. सोमवार असल्यामुळे दिवेलागणीपर्यंत त्यांचं मौन होतं. पक्षाघाताने यजमानांची वाचा गेली तेव्हा धरलेलं हे व्रत, ते बोलू लागल्यावरही त्यांनी सोडलं नव्हतं.

समोर सून मृदुला लॅपटॉप उघडून बसली होती. सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या, आजारपणात सोडलेली नोकरी तिला पुन्हा हवी होती, आणि बायोडेटा आजच पाठवायचा होता.

"दमदार क्रियापदं वापरा म्हणतात," ती म्हणाली. "उभारलं, घडवलं, मिळवलं. मधल्या वर्षांपुढे मी काय लिहू?"

"घरी होते, असं लिही," तिचा नवरा हेरंब मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "उगाच तिखटमीठ लावू नकोस."

"अप्पांना पुन्हा बोलायला शिकवलं, असं लिहिलंय."

"ते आईच्या मौनामुळे बोलायला लागले. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

मृदुलाने ती ओळ पुसली.

सुमतीबाईंची वात बोटांतच राहिली. रोज सकाळी अप्पांना आरशासमोर बसवून एकेक अक्षर वदवून घेणारी, त्यांनी चिडून ताट भिरकावलं तरी ते उचलून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारी मृदुला त्यांनी पाहिली होती.

"शिकवलं, असंच लिही," त्या म्हणाल्या.

हेरंबने दचकून वर पाहिलं. "आई, मौन मोडलंस? मग इतकी वर्षं ते धरलंस कशासाठी?"

"त्यांना शिकवताना हिचा धीर सुटू नये, हेच देवाकडे मागत होते," सुमतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची वात वळायला घेतली.