गोडी कमी झाली की

जालन्याजवळच्या कारखान्यात मक्याचा पाक जास्त गोड करायचं काम माझ्याकडं आहे. उंच टाकीत मण्यांसारखे बारीक दाणे भरलेले असतात आणि त्यांत पाक गोड करणारं एन्झाइम पक्कं बसवलेलं असतं. पाक वरून येतो, गोड होऊन खाली निघून जातो. दाणे जागचे हलत नाहीत, महिनोन्‌महिने तेच राबतात. ते थकले की लॅबच्या आधी मला कळतं, म्हणून परवा साहेबांनी माझा सत्कार केला.

शाल पांघरून, नारळ घेऊन घरी आलो, तर माझी लेक दैवशाला मला विचारायला लागली, "अण्णा, तुमाला कसं कळतं हो?"

मी जरा ताठ बसलो. "थेंबभर पाक जिभेवर ठेवायचा. गोडी कमी लागली की समजायचं, दाणे थकले. त्यांच्यावर चिडून उपयोग न्हाई. पाकाचा वेग कमी करायचा, त्यांना झेपंल तेवढंच काम द्यायचं."

"आन् आई वारायच्या आधी चहात साखर टाकायची इसरत होती, तवा तुमी काय केलं?"

अंगावरच्या शालीची मी घडी घातली.

"तवा मी पाच किलो साखर आणून तिच्यापुढं आदळली होती."