भोंग्यावरची गोष्ट

घोटावड्याच्या शाळेसमोर चादरीवर बायबलमधल्या दाखल्याचा, म्हणजे बोधकथेचा, चित्रपट चालू होता. संवाद इंग्रजी होते, म्हणून चर्चचे पाळक शमुवेल भोंग्यातून मराठीत गोष्ट सांगत होते. घर सोडून गेलेला मुलगा परतला आणि म्हातारा बाप त्याला मिठी मारायला धावला, तेव्हा शमुवेलांना पुढे बोलवेना. दोन वर्षांपूर्वी त्यांचा आमोस म्हणाला होता, "बाबा, माझा जीव वाल्मीकवर आहे. कुठल्या मुलीशी लग्न करून मी तिला फसवणार नाही." शमुवेलांनी त्याच दिवशी त्याला घराबाहेर काढलं होतं. "पाळकबाबा, म्होरं सांगा की!" पुढे बसलेली तुकाबाई ओरडली. "पोरानं असं केलं तरी काय व्हतं?" "खरं सांगितलं होतं," शमुवेल म्हणाले. "आणि बापानं दार लावून घेतलं." तुकाबाई गोंधळली. "पर हितं तर बाप पोराला कवटाळतोय!" शमुवेलांनी भोंगा खाली ठेवला. "तो बाप वेगळा."