चिकाचा हलवा

वडीचा तुकडा ओठाशी नेला आणि रिबकाबाईंचा हात थांबला. वास नारळाचा नव्हता.

"रुपीबाई, यात काय घातलंस?"

"दूध." रुपीबाई ओट्यापाशी मटण हलवत होती. "घरच्या म्हशीचं. नारळाचं पानचट दूध, त्यात काय दम राह्यते? मनगट मोडलं तुमचं. हाडाले ताकद नको?"

झालं! आज ज्यूंचं नवं वर्ष, आणि ज्यूंच्या घरात दूध न् मटण एका जेवणात चालत नाही. दारव्ह्यात ज्यू म्हणाल तर या रिटायर नर्सबाई एकट्याच. मटणसुद्धा ठाण्याच्या भाच्यानं बर्फात घालून ट्रॅव्हल्सनं पाठवलेलं, धर्माच्या रीतीनं कापलेलं.

बरं, रुपीबाईला तरी काय बोलणार? तांड्यावरून घरकामाला येणारी बाई, दर उन्हाळ्यात कुरडयांसाठी चीक काढणारी. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून तिनं हलवा घोटला होता. सिस्टरची शुगर म्हणून गूळही बेतानंच. नारळच का, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. रिबकाबाईंच्या आईच्या रेवदंड्याच्या घरात ते कुणाला सांगावंच लागत नसे.

"असं असते का!" सगळं ऐकून रुपीबाईचा आवाज बारीक झाला. "मंग फेकू का हे?"

रिबकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हात प्लास्टरमध्ये गेल्यापासून त्या या एका चवीची वाट पाहत होत्या. आईच्या हलव्याची चव जिभेवरून पुसट होत चालली होती. तिच्या हातचं खाल्लेलं दुसरं कुणी आता उरलं नव्हतं.

"फेकतेस कशाला," त्या म्हणाल्या. "मटण झाकून ठेव. आधी हलवा खाऊ. मग चूळ भरून तासभर थांबायचं, की मटण चालतं."

"मलेबी थांबा लागते?"

"तुला कशाला? तू जेव."

"वा! तुमी बसान वाट पाहत, अन् मी हाडकं चोखू?" रुपीबाईनं गॅस बंद केला, मटणावर झाकण टाकलं आणि खाली फतकल मारली.

दोघींनी हलवा खाल्ला. आईसारखा झाला नव्हता. रिबकाबाईंनी तसं सांगूनही टाकलं.

"मंग तुमची माय कसा करे?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. रिबकाबाई सांगू लागल्या. आई विळीवर नारळ खवायची. पहिलं दूध वेगळं, दुसरं वेगळं. घोटणारा दमला तर ओरडायची. एकदा धाकटा सॅमी गरम हलव्याचं ताटच घेऊन वाडीत पळाला. सगळं घर कंदील घेऊन त्याला शोधत होतं. बोलता बोलता त्यांना हसू आवरेना.

रुपीबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तास होऊन दहा मिनिटं उलटली होती. सकाळपासून तिच्या पोटात हलव्याशिवाय काही नव्हतं.

"मंग?" ती म्हणाली. "सापडला का भाऊ?"