कळ गेली

ऑपरेशनचं नाव काढलं की वासवनला कापरं भरायचं. मणक्यातली गादी सरकली होती, तरी हा माडी काढणारा गडी वैद्यरकडे तेलच चोळून घेत राहिला. आज आरोळी ठोकतच घरी आला, "तंकम्मा, कळ गेली! उद्या माडावर चढतो बघ!"

तंकम्माला आनंदाने रडूच फुटलं. तेवढ्यात अंगणात निसटून पडलेली त्याची एक चप्पल तिला दिसली.

"अहो, एक चप्पल अंगणातच पडलीय!"

"दोन्ही पायात आहेत की!" खाली न बघताच तो न्हाणीत शिरला. पाला घालून उकळलेलं पाणी तिने आत्ताच बादलीत ओतलं होतं. विसणाचा तांब्या घेऊन ती मागोमाग धावली.

"अगं, पाय बुडवून बसलोय, पाणी कोमटसुद्धा नाही!"

तंकम्माने बादलीत बोट घातलं आणि किंचाळून बाहेर काढलं.