एकोणतीसचा पाढा

लडाखच्या उंच घाटात, शेवटच्या वळणावर शर्वाणीने सायकल चालवता चालवता एकोणतीसचा पाढा सलग म्हणून संपवला. श्वास कुठेच अडकला नाही. कानातल्या फोनवर, तिकडे सांगलीत, तिचे प्रशिक्षक दाभोळे सर ऐकत होते.

चढावर पाढा म्हणायचा, ही सरांची जुनी शिस्त. पाढा जिथे तुटेल तिथे दम संपला, मग सर सांगत, गियर खाली घे. शाळेतल्या पोरींना ते असंच शिकवत. पण गेल्या महिन्यात तिच्या सायकल संघातल्या सगळ्यांच्या शिरांमध्ये नवे, कृत्रिम रक्तकण सोडले होते. ते चौपट प्राणवायू वाहून नेत. तेव्हापासून या विरळ हवेतही शर्वाणीला धाप म्हणून लागली नव्हती.

"पोरी, आता मी ऐकू तरी काय?" सर म्हणाले. "तुझा दम ऐकूनच मला सगळं कळायचं. उद्यापासून फोन नको लावूस. उगाच कानात म्हातारा कशाला?"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना नुसता बर्फ.

"सर, आणखी एकदाच म्हणते," ती म्हणाली. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक..."

पाढा तिने तिथेच तोडला. मग तिने मुद्दाम तोंडाने दोन-तीन मोठे श्वास घेतले.

तिची खरी धाप सर शाळेपासून ओळखत होते, हे तिलाही ठाऊक होतं.

"बरं," ते म्हणाले. "एक गियर खाली घे. आणि पुन्हा पहिल्यापासून म्हण."